लाइन ऑटोमेट कधी करायची? छोट्या कारखान्यासाठी पायरीपायरीने

नवी ऑर्डर आली, रात्रपाळीला माणसं मिळेनात, किंवा ग्राहकाकडून ऑडिटला आलेला माणूस "इथे अजून रोबो नाही?" असं विचारून गेला. यातलं काहीही एक घडलं की मालकाच्या टेबलावर ऑटोमेशनची कोटेशनं येऊन पडतात. हा लेख त्या मालकासाठी आहे. आणि "बघ जरा" म्हणून ज्याच्याकडे ती फाइल सरकवली जाते, त्या नव्या इंजिनिअरसाठी तर नक्कीच आहे.

भोसरी-चाकण पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यांत मी बरीच वर्षं लाइन बसवण्याचं काम केलं. फसलेली ऑटोमेशनंही जवळून पाहिली. त्यांतली बहुतेक यंत्रं चांगली होती. फक्त ती चुकीच्या स्टेशनवर बसवली होती, किंवा दोन वर्षं आधी घेतली होती. म्हणून "कोणता रोबो घ्यावा?" हा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवतो.

समजायला सोपं जावं म्हणून एक लाइन डोळ्यांपुढे ठेवू. फोर्जिंगचा, म्हणजे तापलेलं पोलाद ठोकून घडवलेला, फ्लँज (जोडणीसाठी भोकं असलेली चकती) आहे. दोन सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) लेथवर दोन सेटअप होतात, मग ड्रिलिंग-टॅपिंग (भोक पाडणं आणि टॅप नावाच्या हत्याराने त्यात आटे पाडणं), बर म्हणजे कडेची धारदार कुसळं काढणं, धुणं, तपासणी आणि पॅकिंग. पुढचे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत, पद्धत मात्र तीच वापरा.

पायरी १ : घड्याळ घेऊन लाइनवर उभे राहा

ऑफिसात बसून ईआरपीमधले (कारखान्याच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधले) सायकल टाइम, म्हणजे एका जॉबला लागणारे वेळ, घेऊ नका. ते बहुधा कोटेशन देताना लिहिलेले असतात आणि नंतर कुणी बदललेले नसतात.

प्रत्येक स्टेशनवर किमान ३० जॉबचा वेळ मोजा. दिवसपाळीला मोजा, रात्रपाळीलाही मोजा. पाळी सुरू झाल्यावर आणि पाळी संपताना असं दोन्ही वेळा मोजा. मोजण्याआधी ऑपरेटरला नीट सांगा की "मामा, तुमचं टायमिंग नाही घेत, मशीनला किती वेळ लागतो ते बघतोय." हे सांगितलं नाही तर कुणी घाबरून भरभर काम करतो, कुणी मुद्दाम सावकाश, आणि तुमच्या वहीत खोटे आकडे जमा होतात. वेळ मोजताना त्याचे तुकडे पाडा : जॉब चकमध्ये धरायला किती सेकंद लागले, कटिंगला किती, चिप साफ करायला किती, गेज लावायला किती. हे तुकडे पुढे फार कामाला येतात.

आता ग्राहकाची गरज काढा. समजा महिन्याला २४,००० नग हवेत, कामाचे दिवस २५ आणि पाळ्या दोन. म्हणजे रोजचे ९६० नग. आठ तासांच्या पाळीतून जेवणाची ३० मिनिटं आणि चहाची २० मिनिटं वजा केली की ४३० मिनिटं उरतात. दोन पाळ्यांची ८६० मिनिटं, म्हणजे ५१,६०० सेकंद. त्याला ९६० ने भागलं की जवळजवळ ५४ सेकंद येतात. याला टॅक्ट टाइम म्हणतात. दर ५४ सेकंदांनी एक चांगला नग लाइनच्या टोकाला पडला पाहिजे.

पण मशीन पूर्ण वेळ चालत नाही. टूल बदलायचं असतं, वीज जाते, फोर्जिंग यायला उशीर होतो. दहा टक्के वेळ असा जातो असं धरलं तर हातात ४८ सेकंदच राहतात. तुमच्याकडे हा वेळ दहा टक्के जातो की पंचवीस, हे ठाऊक नसेल तर पुढच्या पायरीला जाऊ नका. आधी महिनाभर प्रत्येक मशीनवर एक साधा कागद लावा आणि मशीन किती वाजता बंद पडलं, किती वाजता सुरू झालं, कशामुळे, एवढं ऑपरेटरकडून लिहून घ्या.

पायरी २ : लाइन कुठे अडते ते शोधा

आपल्या फ्लँजचे आकडे असे आले असं समजा : पहिला लेथ ४८ सेकंद, दुसरा ४४, ड्रिलिंग-टॅपिंग ५८, बर काढणं ३५, तपासणी ४०, पॅकिंग १५. धुणं बॅचमध्ये होतं, ते सध्या बाजूला ठेवू.

अडतंय ड्रिलिंग-टॅपिंगला. आकडे नसले तरी डोळ्यांना दिसतं, कारण त्या मशीनच्या आधी क्रेट साठलेले असतात आणि पुढचा माणूस जॉबची वाट बघत उभा असतो. गंमत अशी की कोटेशन मात्र नेहमी सीएनसी लेथच्या रोबोचं आलेलं असतं. लेथवर जॉब चढवणं-उतरवणं रोबोला सोपं जातं, व्हेंडरने ते दहा ठिकाणी केलेलं असतं, व्हिडिओही छान दिसतो. पण लेथवर रोबो लावला तर ड्रिलिंगपुढे क्रेटचा ढीग वाढेल, रोजचा माल मात्र एका नगानेही वाढणार नाही.

पायरी ३ : आधी स्वस्तातलं करून बघा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीवर घालवा.

ड्रिलिंगच्या ५८ सेकंदांचे तुकडे पाहू. कटिंग ३१, बोल्ट आवळून क्लँप करणं आणि सोडवणं १२, चिप साफ करणं ९, चढवणं-उतरवणं ६. सत्तावीस सेकंद कटिंगच्या बाहेर जातायत. बोल्टच्या जागी हवेवर चालणारा क्लँप बसवला तर १२ चे ३ होतात. फिक्स्चरमध्ये हवेचं नोझल बसवून चिप उडवली तर ९ चे ३ होतात. सायकल आली ४३ सेकंदांवर. हा खर्च हजारांत होतो, आणि तुमचाच टूलरूमवाला आठवड्याभरात करून देतो. हेही ऑटोमेशनच आहे. फक्त त्याचं उद्घाटन कुणी करत नाही.

आता पहिला लेथ ४८ सेकंदांवर, म्हणजे अगदी काठावर आला. इथे रोबो लावावा का? त्याआधी जेवणाच्या आणि चहाच्या सुट्टीचं पाहा. दोन पाळ्यांत मिळून १०० मिनिटं तो लेथ बंद असतो. ६,००० सेकंदांना ४८ ने भागा : रोजचे १२५ नग. रोबो हे १२५ नग देईल हे खरं. पण जेवणा-चहाच्या वेळा वाटून घेऊन बदली माणूस उभा केला तरी तेवढेच मिळतात.

रोबो माणसापेक्षा भरभर जॉब चढवतो असंही धरून चालू नका. एकच ग्रिपर, म्हणजे जॉब धरणारा पंजा, असलेला रोबो आधी झालेला जॉब काढून ठेवतो, मग नवा उचलतो. सराईत ऑपरेटर दोन्ही हातांनी हे एकाच दमात करतो. माणसाशेजारी कुंपणाविना चालणारा कोबॉट तर सुरक्षेसाठी मुद्दाम सावकाश चालवावा लागतो. रोबोचा फायदा सातत्यात आहे. पहाटे चार वाजताही त्याची सायकल तीच राहते.

याच पायरीवर आणखी एक विचार करा. मशीनसमोर माणूस नेमका कशासाठी उभा आहे? पुष्कळदा तो काम करत नसतो, राखण करत असतो. टॅप तुटला तर कळावं म्हणून उभा असतो. जपानच्या साकिची तोयोदा यांनी १९२४ मध्ये जो स्वयंचलित माग आणला, त्यात धागा तुटला की माग आपोआप थांबत असे. खराब कापड विणलं जाण्याची भीती गेली आणि एक कामगार अनेक माग सांभाळू लागला. टोयोटाच्या कारखान्यांत चूक होताच यंत्राने आपणहून थांबायची 'जिदोका' म्हणून जी पद्धत आहे, तिचं मूळ या मागात आहे. इचलकरंजीच्या वाचकांना हे सांगायची गरजच नाही. आपल्या ड्रिलिंग मशीनवर टॅप तुटल्याचं ओळखणारा सेन्सर बसवला आणि मशीन आपणहून थांबू लागलं, की तो ऑपरेटर कटिंगच्या ३१ सेकंदांत शेजारी बर काढायला मोकळा होतो. बर काढायला ३५ सेकंद लागतात, तेव्हा सगळं काम त्याच्याकडे जाणार नाही, पण मोठा वाटा नक्की जाईल.

पायरी ४ : कच्चा माल सारखा येतो का?

माणूस वाकडा जॉब हातात घेताच ओळखतो आणि बाजूला ठेवतो. ग्रिपरला ते कळत नाही.

तीन वेगवेगळ्या लॉटमधले दहा-दहा फोर्जिंग घ्या आणि ग्रिपर जिथे धरणार त्या जागेचा व्यास मोजा. फ्लॅश, म्हणजे फोर्जिंगच्या कडेचा जादा धातू, किती उरलाय तेही पाहा. ग्रिपरची पकड जेवढा फरक सोसते त्याहून तुमचा फरक जास्त असेल, तर रोबो रोज पंचवीस वेळा अडेल आणि त्याला सोडवायला एक माणूस कायम उभा करावा लागेल. अशा वेळी पैसे फोर्जिंगवाल्याकडच्या ट्रिमिंग डायवर खर्च करणं जास्त शहाणपणाचं. माल ढिगात येतो की ट्रेमध्ये रचून, हेही बघा. ढिगातून उचलायला कॅमेरा लागतो आणि किंमत एकदम वाढते.

मऊ, लुळ्या, एकमेकांत अडकणाऱ्या वस्तूंपासून नवख्याने लांबच राहावं. वायर हार्नेस, रबरी ग्रोमेट, फोमच्या पट्ट्या ही कामं मानवी बोटं सहज करतात. टेस्लाने मॉडेल ३ च्या बॅटरीवर काचतंतूंची मऊ चटई ठेवायला रोबो लावला होता आणि तो सारखा अडत होता. शेवटी तपासात ती चटईच नको असं ठरलं. एप्रिल २०१८ मध्ये इलॉन मस्क यांनी अतिऑटोमेशन ही आपली चूक होती असं जाहीरपणे मान्य केलं. एवढ्या पैशांच्या आणि एवढ्या इंजिनिअरांच्या कंपनीची ही गोष्ट आहे. म्हणून प्रत्येक स्टेशनवर पहिला प्रश्न विचारा की हे काम लागतं का? कितीतरी ठिकाणी दोनदा तपासणी होते, कारण पाच वर्षांपूर्वी एकदा तक्रार आली होती.

पायरी ५ : हा जॉब किती वर्षं चालेल?

ग्राहकाने दिलेलं शेड्यूल आणि प्रत्यक्ष उचललेला माल, असे मागच्या १८ महिन्यांचे दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडा. शेड्यूल ३०,००० चं आणि उचल १९,००० ची, हे आपल्याकडे नवीन नाही. निर्णय उचलीच्या आकड्यावर घ्या.

मग ड्रॉइंगचं आयुष्य. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हा गाड्यांच्या धुराचा नियम लागू झाला तेव्हा इंजिन आणि एक्झॉस्टचे अनेक भाग बदलले. आता बॅटरीच्या गाड्या वाढतायत आणि त्यांत सायलेन्सर नाही, पिस्टन नाही, क्लचही बहुधा नसतो. तुमचा फ्लँज इंजिनकडे जातो की चाकाकडे, हे मालकाला माहीत असतं, पण ऑटोमेशनच्या फाइलमध्ये कुणी लिहीत नाही. इंजिनकडे जाणाऱ्या एकाच भागासाठी खास एसपीएम (त्याच एका कामाचं यंत्र) बनवणार असाल तर तीन वर्षांत पैसे सुटलेच पाहिजेत. ब्रेक किंवा सस्पेन्शनचा भाग असेल तर थोडा धीर धरता येतो. एकाच लाइनवर सहा-सात प्रकारचे जॉब फिरत असतील तर ग्रिपर आणि प्रोग्राम बदलायला लागणारा वेळही सायकलमध्ये धरा.

पायरी ६ : पैशाचा हिशोब, स्वतःच्या हाताने

समजा लेथवर कोबॉट बसवायचा संपूर्ण खर्च २२ लाख आहे. संपूर्ण म्हणजे ग्रिपर, स्टँड, ट्रे, मशीनचा आपोआप उघडणारा दरवाजा, वायरिंग, ट्रेनिंग सगळं. नुसत्या रोबोची किंमत सांगणाऱ्या कोटेशनवर विसंबू नका, कारण बाकीचं सामान मिळून कधीकधी रोबोएवढंच होतं. जीएसटीची वजावट मिळत असेल तर किंमत कराशिवाय धरा.

व्हेंडर हिशोब असा मांडतो : दोन पाळ्यांची दोन माणसं वाचली. पीएफ, ईएसआय, बोनस धरून एकाचा महिन्याचा खर्च २४,०००, म्हणजे ४८,००० वाचले. २२ लाखांना ४८,००० ने भागा, ४६ महिन्यांत पैसे वसूल.

तोच हिशोब आपण करू. ट्रे भरायला, झिजलेला इन्सर्ट (कापणारं टोक) बदलायला, अडला तर सोडवायला माणूस लागतोच. खरी सुटका दीड माणसाची, म्हणजे ३६,०००. जॉब दर वेळी सारखा धरला गेल्याने रिजेक्शन कमी झालं, त्याचे ८,००० मिळवा. देखभाल, सुटे भाग आणि वीज यांचे ९,००० वजा करा. हातात राहिले ३५,०००. वसुली गेली ६३ महिन्यांवर. आणि रक्कम कर्जाने उभी केली तर ११ टक्क्यांनी पहिल्या वर्षी महिन्याला वीस हजारांच्या आसपास नुसतं व्याज जातं.

याच यंत्राला तिसरी पाळी मिळाली, मागणी ३६,००० वर गेली, तर चित्र बदलतं. सव्वादोन माणसांचे ५४,०००, रिजेक्शनचे १२,०००, खर्च ११,००० वजा. निव्वळ ५५,०००, वसुली ४० महिन्यांत. म्हणजे "कधी?" या प्रश्नाचं उत्तर या लाइनपुरतं मिळालं : तिसरी पाळी कायमची लागेल तेव्हा. हा आकडा आजच लिहून ठेवा आणि दर तिमाहीला उचल त्याच्याशी ताडून पाहा.

माणसंच मिळत नसतील तर? मग बुडणाऱ्या ऑर्डरचा नफा हिशोबात धरा, पण वास्तव धरा. आणि आधी शोधा की माणसं टिकत का नाहीत. एका कारखान्यात रात्रपाळीला कुणी थांबत नव्हतं म्हणून रोबो मागवायचं चाललं होतं. चौकशीत कळलं की पाळी साडेबाराला सुटायची आणि त्या वेळी बस नव्हती. पाळीची वेळ बदलून गाडी लावली आणि प्रश्न सुटला.

जिथे हा हिशोब करायचाच नाही

पॉवर प्रेसमध्ये हात घालून जॉब ठेवावा लागतो, तिथे वसुलीचे महिने मोजू नका. आपल्या औद्योगिक पट्ट्यांत प्रेसवर बोटं गमावलेली माणसं मी पाहिली आहेत. चहाचा ग्लास धरताना ते हात दिसतात. दोन हातांनी एकदम दाबायची बटणं आणि लाइट कर्टन (हात आत गेला की प्रेस थांबवणारा प्रकाशाचा पडदा) आज बसवा, ती ऑटोमेशनच्या आधीची गोष्ट आहे. त्यानंतर फीडर किंवा पिक अँड प्लेस (जॉब उचलून ठेवणारं यंत्र) घ्या. हीच गोष्ट फौंड्रीतल्या फेटलिंगची, म्हणजे ओतीव मालावरची वाळू आणि जादा धातू घासून काढण्याची. कोल्हापूरच्या शिरोली-गोकुळ शिरगावच्या वाचकांना ही धूळ माहीत आहे. वाळूतली सिलिका फुप्फुसात साठली की होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. गरम फोर्जिंग चिमट्याने उचलणं, वीस किलोचा जॉब दिवसभर कमरेतून वाकून चढवणं, रंगाच्या बूथमध्ये पाळी काढणं, ही कामं यंत्राकडे पहिल्यांदा गेली पाहिजेत, मग ती लाइन त्यांच्यामुळे अडत असो वा नसो. मालकाने टाळाटाळ केली तरी नव्या इंजिनिअरने हे कागदावर लिहून द्यावं.

पायरी ७ : ऑर्डर देण्याआधी

व्हेंडरच्या कारखान्यात ट्रायल मागा आणि जॉब स्वतःचे घेऊन जा. निवडलेले चांगले नेऊ नका. जे नेहमी येतात ते, खराब दहा-वीस मिसळून. पाच मिनिटांचा डेमो उपयोगाचा नाही. सलग एक पाळी चालवा, किती वेळा थांबलं ते मोजा आणि मान्य आकडा ऑर्डरमध्ये लिहा.

पीएलसीच्या (यंत्र चालवणाऱ्या कंट्रोलरच्या) प्रोग्रामची प्रत आणि पासवर्ड तुमच्याकडे राहील, हे लेखी घ्या. हे न केल्याने एक सेन्सर बदलायलाही व्हेंडरच्या माणसाची आठवडाभर वाट बघणारे कारखाने आहेत. वायरिंगचं ड्रॉइंग, सुट्या भागांची यादी, आणि त्यातले भाग पुण्यात किंवा मुंबईत मिळतात की बाहेरून मागवावे लागतात, हेही विचारा. आपल्या बाजूने हवेचा दाब आणि हवेतलं पाणी तपासा. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या लाइनमध्ये पाणी येत असेल तर ड्रायर आधी घ्या, नाहीतर सिलिंडर आणि व्हॉल्व्ह लवकर जातात. महावितरणचा मंजूर भार पुरतो का, व्होल्टेज किती हलतं, अर्थिंग कसं आहे, हे इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या.

पायरी ८ : लाइनवरच्या माणसांना आधी सांगा

कोटेशन येण्याआधी बातमी शॉप फ्लोअरवर पोचलेली असते, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही. कुणाचं काम बदलणार, कुणाला काय शिकवणार, पगाराचं काय, हे मालकाने स्वतः उभं राहून सांगावं. त्या स्टेशनवरच्या जुन्या ऑपरेटरला ट्रायलला सोबत न्या. जॉब कुठे अडकतो, कूलंट कधी तुंबतं, हे त्याला तुमच्यापेक्षा आधी दिसतं. पुढे सेटर म्हणून तोच हवा. नवं यंत्र सांभाळायला बाहेरून माणूस आणला आणि जुन्याला हेल्पर केलं, तर ते यंत्र कधीच नीट चालत नाही, आणि त्याचा दोष त्या हेल्परला देता येत नाही.

पायरी ९ : बसवताना

दसऱ्याला यंत्र सुरू करायचा आग्रह आपल्याकडे असतो. पूजा जरूर करा, पण ट्रायल अपुरी असताना मुहूर्तासाठी यंत्र लाइनमध्ये घेऊ नका. भोसरी-पिंपरीकडे गुरुवारची सुट्टी असते, त्या एका दिवसात सगळं बसेल असं व्हेंडर म्हणेल. तुम्ही किमान दोन आठवड्यांचा माल आधी साठवून ठेवा.

पहिले तीन महिने रोज तीन आकडे फळ्यावर लिहा : किती नग झाले, किती वेळा थांबलं, किती रिजेक्ट. यंत्र कितीदा थांबलं यापेक्षा एकाच कारणाने कितीदा थांबलं ते जास्त महत्त्वाचं. रोज एकच कारण दुरुस्त करा. आणि या तीन महिन्यांत जुनं हाताचं स्टेशन जागेवरून हलवू नका. फिक्स्चर, गेज, हवेचं कनेक्शन सगळं तसंच राहू द्या. रात्री अडीचला रोबो थांबला आणि सकाळी सहाला ग्राहकाची गाडी लागणार असेल, तर उरलेला माल त्याच स्टेशनवर निघणार आहे.